वीर्यनाशाचे भय : एका चुकलेल्या सिद्धान्ताचा इतिहास



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण भयालाही इतिहास असतो. आज मी ज्या भयाचा इतिहास सांगणार आहे, ते आपल्या नांदेड-लातूर भागाला परके नाही. एस. टी.च्या रस्त्याला लागून असलेल्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘धातू जाणे’, ‘गेलेली ताकद परत’ अशी मोठाली अक्षरे कोणी वाचली नाहीत? वाचून मान फिरवणारे पुष्कळ. पण त्या भिंतीखालचा पत्ता गुपचूप टिपून घेणारा एखादा विद्यार्थीही असतो. त्याच्यासाठी हा विषय.

या भयाच्या मुळाशी एक सिद्धान्त आहे. पुरुषाचे बीज हे सर्व शरीराचे सार. ते गेले की बळ, बुद्धी, दृष्टी सारे जाते आणि शेवटी क्षय किंवा वेड यांनी माणूस संपतो, असा तो सिद्धान्त. चाळीस थेंब रक्तातून एक थेंब वीर्य होते, हा हिशेब तर घरोघर ठाऊक आहे.

हा विचार आला कोठून? आयुर्वेदाने रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू मानले. अन्नरसापासून क्रमाने एकेक धातू होत जातो व शुक्र तयार होण्यास सुमारे महिना लागतो, असे सुश्रुतसंहितेचे मत. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात शरीराचा उलगडा करण्याचा हा मोठा प्रयत्न होता. त्याला हसण्याचे कारण नाही. शिवाय त्याच परंपरेतील चरकसंहिता ज्या तेरा वेगांचा निरोध करू नये असे सांगते, त्यांत शुक्राचाही वेग आहे. म्हणजे प्राचीन वैद्याने मर्यादा सांगितली होती. जन्मभराची धास्ती पुढच्यांनी त्यात घातली.

आणि हे वेड आपल्याच देशात होते असे समजू नका. लोझानच्या तिसो नावाच्या वैद्याने 1758 साली लॅटिनमध्ये व 1760 साली फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहून हस्तमैथुनाने नाना रोग होतात असे प्रतिपादन केले. तो ग्रंथ युरोपभर गाजला आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे पाश्चात्त्य वैद्यकाने ते भय शास्त्राच्या पोशाखात मिरविले. वेड्यांच्या इस्पितळात रोगी हे कृत्य करताना दिसत. तेव्हा तेच वेडाचे कारण, असा निष्कर्ष काढला गेला. निरोगी माणसेही तेच करतात, हे कोणी मोजून पाहिले नाही. याच समजुतीची दुसरी बाजू 1889 साली दिसली. ब्राऊन-सेकार हा बहात्तर वर्षांचा नामांकित शास्त्रज्ञ पॅरिसच्या विद्वत्सभेत उभा राहिला आणि कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्याने आपल्याला तारुण्य आले, असे त्याने सांगितले. बीज गेल्याने मरण, तर बीज घेतल्याने यौवन! दोन्ही विधानांचा पाया एकच आणि तो कच्चा.

या गोंधळात शब्दांचाही हात आहे. ‘गोनोऱ्हिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ बीजाचा स्राव. प्राचीनांनी पू पाहिला आणि त्याला बीज मानले. आपल्याकडे या रोगाला ‘परमा’ म्हणतात. तो शब्द ‘प्रमेह’ यापासून आलेला, आणि प्रमेहाच्या प्रकारांत ‘शुक्रमेह’ही आहेच. 1879 साली नायसरने या रोगाचा जंतू शोधून काढला. जंतूमुळे होणाऱ्या रोगाला दोन संस्कृतींनी शतकानुशतके बीजनाश मानले होते.

आता शरीर काय सांगते ते पाहू. शुक्रजंतू प्रथम 1677 साली लेवेनहुकच्या भिंगाखाली दिसले. वृषणात ते रोज कोट्यवधींनी तयार होतात. एकाची घडण पुरी होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, पण नव्या घडणीचे काम रोजच सुरू असल्याने साठा आटत नाही. जे वापरले जात नाहीत ते शरीरातच विरतात किंवा झोपेत बाहेर पडतात. वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींचा द्रव असतो. एका वेळचे वीर्य चहाच्या चमच्याएवढेही क्वचितच भरते. त्यात रक्ताचा हिशेब कोठे बसवायचा? लघवीच्या शेवटी दिसणारा पांढुरका गढूळपणा तर पुष्कळदा नुसत्या फॉस्फेट क्षारांचा असतो.

महाराष्ट्रात हे उघडपणे सांगण्याची किंमत एका गणिताच्या प्राध्यापकाने मोजली. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. याच प्रचारापायी 1925 साली त्यांना विल्सन कॉलेजातील जागा सोडावी लागली. 1927 च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचक त्यांना पत्रांतून प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या उत्तरांवरच 1934 साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. प्रश्नांत हस्तमैथुनाचाही प्रश्न होता. उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मासिकच कामविज्ञानाचे, तेव्हा त्याने अशा प्रश्नांना उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. भय पसरविणाऱ्यांच्या जाहिराती मात्र चालूच राहिल्या.

त्या वेळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1948 साली मुक्ती आली, 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. 1954 साली संसदेने औषधांच्या व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला. कायदा आला, तरी भिंतीवरची अक्षरे पुसली गेली नाहीत, कारण ती मनावरही लिहिलेली होती. 1960 साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. थकवा, झोप न येणे, छातीत धडधड, उदासी ही लक्षणे खरी. रोग्याचे दुःखही खरे. खोटे आहे ते त्याने मानलेले कारण. त्यामुळे औषध वीर्यावर चालते आणि चिंता तशीच राहते.

स्त्रियांचेही असेच. अंगावरून पांढरे जाते म्हणजे हाडे झिजतात, या समजुतीने किती बायाबापड्या मनात कुढत असतील! थोडा स्राव हा शरीराचा धर्म आहे. त्याला दुर्गंधी, खाज किंवा वेदना असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्यावर डॉक्टरांकडे साधा इलाज आहे. हाडांशी त्याचा संबंध नाही.

लातूरला परीक्षेसाठी खेड्यापाड्यांतून मुले येतात. पंधरा-सोळा वर्षांचे वय, घर दूर, अभ्यासाचा ताण. स्मरणशक्ती कमी झालीशी वाटली की दोष कशाला द्यायचा, हे भिंत त्यांना शिकवते. बापाने शेत विकून पाठविलेल्या पैशांतून पुड्यांचे पैसे जातात, आणि लाज इतकी की बापाला कळतही नाही. भिंत बोलते, तेव्हा घराने, शाळेने आणि व्यासपीठाने गप्प राहणे हा सभ्यपणा नव्हे. सिद्धान्त चुकला म्हणून कोणाची नाचक्की होत नाही. चुकलेला ठाऊक असूनही मुलांना त्याच्या स्वाधीन करणे, ही मात्र आपली नाचक्की आहे. आज येथून घरी गेल्यावर एवढे एकच वाक्य आपल्या मुलाला सांगा : बाळा, हा रोग नाही. नव्वद वर्षांपूर्वी हेच सांगताना एकाला दंड भरावा लागला. आपल्याला तर नुसते तोंड उघडायचे आहे.