चार बोटांची पट्टी आणि जुन्नरचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि राजवंशांच्या याद्या उभ्या राहतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांची हकीकत सांगू लागणारा मनुष्य प्रथम शिवनेरीचे नाव घेतो, मग नाणेघाटाचे आणि मग लेण्यांचे. त्यात वावगे काही नाही. परंतु आज याच भूमीची हकीकत मला एका अगदी साध्या वस्तूच्या आधाराने सांगावयाची आहे. ती वस्तू म्हणजे सूत, आणि सुताची हाताने विणलेली चार बोटे रुंदीची पट्टी. असली पट्टी कोणासही घरबसल्या, छंद म्हणून विणता येते. आणि ज्याने ती एकवार विणली, त्याला आपल्या प्राचीन लेखांतील काही ओळींचा अर्थ निराळाच उमगतो, एवढेच माझे आजचे प्रतिपादन आहे.

आरंभ धाग्यापासून करू. आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळ, घोड नदीच्या काठी चांडोली नावाचे गाव आहे. १९६० च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील वस्ती उजेडात आली. तिचे वय तीन हजार वर्षांहून अधिक आहे. तेथे तांब्याचा एक खंजीर मिळाला, आणि त्याची वाहवा पुष्कळ झाली. पण तांब्याच्या मण्यांबरोबर एक त्याहूनही दुर्मिळ वस्तू मिळाली. मणी ज्यात ओवले होते, त्या धाग्याचा अवशेष तेथे टिकून राहिला होता. तो जवसाच्या तंतूंचा होता. एरवी सूत मातीत पडले की थोड्याच काळात कुजून जाते. परंतु तांब्याच्या गंजाने कुजविणारे सूक्ष्म जीव मरतात, म्हणून मण्याच्या भोकातला तेवढा धागा वाचला. प्रवरेकाठी नेवाशासही लहान मुलाच्या गळ्यातील माळेत असाच धागा सापडला. तो रेशमाचा व कापसाचा निघाला. म्हणजे आपल्या या नद्यांच्या काठी पीळ देऊन धागा काढण्याची विद्या राजांच्या नावांहून कितीतरी जुनी आहे. राजांची नावे पाषाणावर कोरली म्हणून राहिली. धागा तांब्याच्या आश्रयाने राहिला, आणि तोही योगायोगाने.

धाग्यानंतर दोरी, आणि दोरीनंतर पट्टी. रुंद वस्त्राला माग लागतो, पट्टीला मागाची गरज नाही; म्हणून जगात पुष्कळ ठिकाणी ती घरोघर विणली गेली. नॉर्वे देशात ओसेबर्ग येथे १९०४ साली उकरलेल्या, इसवी सन ८३४ मधील एका दफनात, भोके पाडलेल्या ५२ पातळ चौकोनी चकत्या सापडल्या. त्या असल्याच पट्ट्या विणण्याच्या होत्या. आपल्याकडे नागालँड, मिझोराम व मणिपूर या प्रदेशांत आजही स्त्रिया ताण्याचे एक टोक खांबाला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला बांधून सुंदर कापड विणतात. मागे रेलले की ताणा ताठ होतो, पुढे झुकले की सैल पडतो. विणणारीचे शरीर हाच तेथे अर्धा माग असतो.

महाराष्ट्राच्या घरांतही अरुंद विणीच्या व गुंफणीच्या वस्तूंची वाण कधी नव्हती. पलंगाची नवार, परकराची नाडी, कमरेचा करगोटा, पोथीचे बासन बांधावयाचा बंद, पालाण आवळण्याचा तंग. या सर्व वस्तू आपल्या परिचयाच्या आहेत. रेशमी गोफ व गोंडे करणाऱ्या पटवेकऱ्यांचा तर तो वंशपरंपरागत धंदाच होता. या वस्तूंकडे कोणी निरखून पाहत नाही, कारण त्या दुसऱ्या कशाला तरी बांधून ठेवण्यासाठी असतात. परंतु नवारीवर माणसाचा भार असतो आणि तंगावर स्वाराचा जीव. म्हणून पट्टीची वीण वस्त्राहून घट्ट असावी लागते.

आता ही पट्टी विणावयाची कशी ते थोडक्यात सांगतो. तिळाएवढे जाड, चांगल्या पिळाचे सूत घ्यावे. दोन-अडीच हात लांबीचे तीस-चाळीस उभे धागे सारख्या ताणाचे करून एकत्र बांधावे. हा झाला ताणा. एका लहान लाकडी फळीला एकाआड एक उभी फट व भोक अशी रचना करून घ्यावी. पहिला धागा भोकातून, दुसरा फटीतून, तिसरा पुन्हा भोकातून, असे सर्व धागे ओवावे. ताण्याचे एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधून बसावे. फळी वर उचलली की भोकांतले धागे वर जातात, खाली दाबली की खाली येतात. फटींतले धागे जागच्या जागी राहतात. अशा रीतीने मध्ये जी वाट उघडते, तीतून आडवा धागा, म्हणजे बाणा, न्यावयाचा आणि लाकडी पट्टीने ठोकून बसवावयाचा. पुन्हा फळी दाबावी, पुन्हा बाणा न्यावा. सगळी विद्या एवढीच. फळी नसेल तर जुन्या पत्त्यांचे चौकोन कापून त्यांच्या चार कोपऱ्यांना भोके पाडावी, प्रत्येकात चार धागे ओवावे आणि गठ्ठा पाव-पाव वेढ्याने फिरवीत जावा. हीच ओसेबर्गच्या चकत्यांची रीत होय.

असल्या पट्टीत बाणा जवळजवळ दिसत नाही; दिसतो तो ताणा. साध्या विणीत रंगांची नक्षी विणताना बदलता येत नाही. तांबडा धागा कोठे आणि पांढरा कोठे, हे ताणा लावतानाच ठरलेले असते. नवशिक्याच्या पट्टीची कडा प्रथम नागमोडी येते, कारण बाणा एकदा अधिक ओढला जातो, एकदा कमी. आठ-दहा संध्याकाळी बसल्यावर हात आपोआप सारखा पडू लागतो. पण याहून महत्त्वाची एक गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात येते. विणण्यास वेळ थोडा लागतो. फार वेळ जातो तो विणण्यापूर्वी. सूत मोजणे, ताणणे, ओवणे, तुटलेला धागा जोडणे यात सारी संध्याकाळ संपते आणि हाती एक बोटभरही कापड आलेले नसते. ही गोष्ट मनात ठेवून आता आपण लेण्यांकडे वळू.

जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. तुळजालेणी, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री ही त्यांतील प्रमुख स्थाने. तेथील ब्राह्मी लेखांत राजांची नावे थोडी, व्यवसायांची अधिक. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दान दिले. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मार्थ रक्कम ठेवण्यात आली. काही दाते स्वतःस यवन म्हणवितात. मानमोडीस क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. विणकरांच्या श्रेणीचा सविस्तर हिशेब मात्र याच नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरून ठेवला आहे.

तो हिशेब असा. लेण्यातील भिक्षूंसाठी उषवदाताने तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. त्यांतील दोन हजार गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजाने. आणि एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे घ्यावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. आता मुलांना घालतो तसे उदाहरण सोडवू. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दोन हजारांवर शेकडा एकप्रमाणे वीस होतात. दोनशे चाळीस होण्यास ते बारा वेळा मिळाले पाहिजेत. अर्थात व्याज दरमहाचे होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाषाणावरील हिशेब पैचीही चूक न होता जुळतो. (कोलिक शब्दाचा आजच्या कोळी समाजाच्या नावाशी घोटाळा करू नये. संस्कृतातील कौलिक, म्हणजे विणकर, तोच हा शब्द. पंचतंत्रातील विष्णूचे सोंग घेणारा विणकर तो हाच.)

एवढी मोठी रक्कम विणकरांकडेच का ठेवली असेल? पट्टी विणणाऱ्यास याचे उत्तर सुचते. विणकराला पैसा लागतो तो आधी आणि मिळतो तो शेवटी. सूत आधी घ्यावे लागते. ताणा आधी लावावा लागतो. त्याला खळ देऊन पाजणी करावी लागते. आणि कापड मागावरून उतरून विकले जाईपर्यंत घरात दमडी येत नाही. म्हणून हाती कायमचे भांडवल असणे ही विणकराची मोठी गरज. आणि कापड जीर्ण होणारी वस्तू असल्यामुळे गिऱ्हाईक कधी संपत नाही. म्हणून व्याज देण्याची शाश्वती. शिवाय लांब ताण्याची पाजणी एकट्यादुकट्याचे काम नव्हे. उघड्या जागेत ताणा पसरून त्याला चार-सहा जणांचे हात लागतात. धंद्याच्या या स्वरूपातच सहकार आहे. दात्याने दयाबुद्धीने नव्हे, हिशेब करून विणकरांची निवड केली असावी, असे मला वाटते.

या धंद्याला बाजारपेठही तशीच होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासग्रंथात तगर, म्हणजे हल्लीचे तेर, येथून साधे सुती कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोचला जात असल्याचे लिहिले आहे. त्यात कल्याण बंदराचेही नाव आहे. देशावरून त्या कल्याणास उतरण्याची वाट म्हणजे आपला नाणेघाट. सातवाहन राणी नागनिकेचा लेख तेथेच आहे, आणि लोक जकातीचा म्हणतात तो दगडी रांजणही तेथेच. पुढे १६५७ साली शिवाजीमहाराजांनी जुन्नरवर छापा घातला, तेव्हा रोकड व घोडे यांच्याबरोबर मौल्यवान वस्त्रेही हाती लागली. वस्त्र हे त्या काळी धनच होते.

जुन्नरची आणखी एक वस्तू प्रसिद्ध होती, ती म्हणजे जुन्नरी कागद. हातकागद कशाचा होतो? जुने गोणपाट, दोर, चिंध्या कुटून त्यांचा लगदा करतात आणि त्याचा कागद उतरतो. म्हणजे विणलेली वस्तू झिजून कामातून गेली की तिचा कागद होई, आणि त्या कागदावर इतिहास लिहिला जाई. पेशवे दफ्तरातील कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले, म्हणून त्यांस रुमाल हेच नाव पडले. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ज्या इतिहासाचा आपण अभिमान बाळगतो, तो चिंध्यांवर लिहिलेला आणि कापडात बांधलेला आहे, याचा विसर पडू नये.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. गिरणीचे सूत व कापड खेडोपाडी पोहोचले आणि हातमाग मागे पडला. स्वदेशीच्या व खादीच्या चळवळींनी चरखा पुन्हा घरात आणला. पेटीत मावणारा येरवडा चरखा तर पुण्याच्याच तुरुंगाच्या नावाने ओळखला जातो. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे असे ठरविले, आणि टकळी शाळेत आली. त्यामागील हेतू थोर होता. परंतु पुष्कळ शाळांत सूतकताई हा गुण मिळविण्याचा एक तास होऊन बसला. सुतापासून गणित, भूगोल व इतिहास शिकवावा हा मूळ विचार बाजूस राहिला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात मुसळधार पाऊस पडतो. तेथील शेतकऱ्याच्या डोक्यावर असणारी घोंगडीची खोळही प्लास्टिकच्या कागदाने हटविली. धनगराची लोकर, सनगराचा माग, चिंचोक्यांची खळ ही सगळी साखळी त्या एका खोळीमागे उभी होती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपण छंद म्हणून विणणार. विणकर पोटासाठी विणत आला. आपली पट्टी वाकडी झाली तर आपण हसून ती उसवू. त्याचे कापड वाकडे झाले तर घरी चूल पेटत नसे. म्हणून चार पट्ट्या विणून आपण विणकर झालो, असे कोणी मानू नये. छंदाचा लाभ निराळा आहे. ज्याने स्वतः ताणा लावला, तो घोंगडीची किंमत ऐकून नाक मुरडणार नाही.

आणखी एक गोष्ट. नाशिकच्या त्या लेखात दात्याचे नाव आहे, त्याच्या सासऱ्याचे नाव आहे. दोन विणकर श्रेणींपैकी एकाही माणसाचे नाव नाही. त्यांची स्मृती पाषाणावर राहिली नाही. ती हातांतून हातांत गेली, आणि म्हणूनच आजवर टिकली. लेख पुसट झाला तर त्याचा ठसा पूर्वीच घेतलेला असतो. हातातील विद्येचा ठसा फक्त दुसऱ्या हातावर उमटतो, आणि एक पिढी मध्ये चुकली की कोणताही पंडित ती वाचून दाखवू शकत नाही. तेव्हा श्रोतेहो, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढण्याचा योग येईल तेव्हा येवो. तूर्त तीस धागे, एक फळी आणि खिडकीचा गज एवढे साहित्य प्रत्येक घरी मिळण्यासारखे आहे. घरातील मुलांना जवळ बसवून एक वीतभर पट्टी विणून पाहावी, आणि मग त्यांना उषवदाताचे ते व्याजाचे उदाहरण घालावे.