तेलाने माखलेले किनारे आणि वनस्पतिज विद्रावक

१८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडील सेव्हन स्टोन्स या खडकांवर आदळले. त्यात कुवेतचे सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. ब्रिटिश विमानांनी बाँब टाकून हे तेल पेटविण्याचा जो प्रयत्न केला, त्याची वर्णने पुष्कळांच्या वाचनात आलेली असतात. परंतु तेलाने माखलेले किनारे स्वच्छ कसे करावेत, या प्रश्नाच्या इतिहासात त्या बाँबफेकीपेक्षा कॉर्नवॉलच्या खडकांवर सैनिक आणि स्वयंसेवक पिंपेच्या पिंपे ओतीत होते, ते कार्य अधिक निर्णायक ठरले. किनाऱ्यास लागलेले तेल अंदाजे १४,००० टन होते. त्याच्या निर्मूलनासाठी सुमारे १०,००० टन डिटर्जंट खर्ची पडले. उन्हाळ्याच्या हंगामात येणाऱ्या प्रवाशांस वाळू स्वच्छ दिसली पाहिजे, ही निकड या घाईच्या मुळाशी होती.

प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेने आपली नेहमीची कामे बाजूस ठेवून या किनाऱ्यांची पाहणी केली. जे. ई. स्मिथ यांच्या संपादकत्वाखाली १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातून जे निष्पन्न झाले, ते शासनास सुखावह नव्हते. तेलाने जितके जीव मारले, त्याहून कितीतरी अधिक जीव ते तेल धुणाऱ्या द्रव्याने मारले होते. खडकांस चिकटून राहणारा लिम्पेट हा शंखधारी प्राणी तेलाच्या पातळ थरातही तग धरून होता, इतकेच नव्हे तर शैवालाबरोबर ते तेलही खरवडून खात होता. डिटर्जंटचा फवारा पडताच मात्र तो खडकावरून गळून पडे. खडकावरील शैवाल चरणारा हा प्राणी नाहीसा झाल्यावर तेथे प्रथम हिरव्या आणि नंतर तपकिरी शैवालाचे दाट रान माजले. अशा काही ठिकाणी जीवसृष्टीचा समतोल पूर्ववत होण्यास दहा ते पंधरा वर्षे लागली. याउलट गॉडरेव्ही येथे, सील प्राण्यांच्या रक्षणार्थ, डिटर्जंट वापरण्याचे टाळण्यात आले होते. तेथील खडक दोन-तीन वर्षांतच सावरले.

हा संहार नेमका कशाने झाला? डिटर्जंट या नावामुळे दोष साबणासारख्या द्रव्याकडे जातो. वस्तुतः त्या मिश्रणांत पृष्ठताण कमी करणारे द्रव्य थोडे असून बराच मोठा भाग केरोसीनच्या शुद्धीकरणातून मिळणाऱ्या अॅरोमॅटिक विद्रावकाचा होता, आणि विषारीपणा मुख्यत्वे त्याचाच होता. म्हणजे एका खनिज तेलाचा डाग काढण्यासाठी दुसरे, अधिक जहाल खनिज तेल ओतले गेले. तेल विरघळवील परंतु लिम्पेटला मारणार नाही, असा विद्रावक कोणता, हा प्रश्न येथून पुढे उभा राहिला.

त्याचे एक उत्तर रसायनशास्त्राच्या हाताशी आधीपासूनच होते. ब्रुसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांना वनस्पतिज तेलापासून एस्टर बनवून ते इंधन म्हणून वापरण्याचे बेल्जियन एकस्व १९३७ मध्ये मिळाले होते. या वर्गातील मिथाइल एस्टर आज बायोडिझेल या नावाने ओळखले जातात. ते घट्ट झालेल्या तेलात मिसळून त्याची श्यानता कमी करतात. पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे मिश्रण तरंगत राहते, आणि त्यात पायस बनविणारे द्रव्य नसल्याने ते डिटर्जंटप्रमाणे पाण्यात विखुरले जात नाही. कमी दाबाच्या समुद्राच्या पाण्याने ते खडकावरून उतरवून, तरत्या अडसरांच्या आत गोळा करता येते. कॅलिफोर्नियात १९९० नंतरच्या दशकात 'सायटोसोल' या नावाने जो विद्रावक पुढे आला, तो याच तत्त्वावर आधारलेला होता. त्यात तेल समुद्रात लपविण्याऐवजी परत घेतले जाते. ही गोष्ट निर्विषतेइतकीच महत्त्वाची मानावी लागेल.

तथापि वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण घाईचे होय. जानेवारी १९९१ मध्ये वेल्समधील अँगलसी बेटाजवळ 'किम्या' हे जहाज बुडाले. त्यातील सुमारे १,५०० टन सूर्यफूल तेल कित्येक महिने झिरपत राहिले. आसपासचे शिंपले मेले, आणि वाळूशी मिळून तेलाचे काँक्रीटसारखे कठीण गोळे बनले. स्वयंपाकघरात निर्धोक असलेल्या तेलाचा हा प्रताप! ज्यांनी हे प्रकरण अभ्यासले, त्या बॅंगर येथील स्टीफन मज यांनीच पुढे बायोडिझेलचे प्रयोगही केले, हा योगायोग नव्हे. वाळू भरलेल्या नळ्यांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की बायोडिझेलमुळे कच्चे तेल वाळूच्या कणांपासून सुटते व हलू लागते. परंतु सुटलेले तेल कोठे जाते? खडकावर ते पाण्याबरोबर खाली उतरते. सच्छिद्र वाळूत किंवा गोट्यांच्या पुळणीत मात्र ते आत मुरण्याची भीती असते.

ही भीती किती खरी आहे, ते अलास्काने दाखविले. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सन व्हॅल्डीझ' या जहाजातून सुमारे ३७,००० टन तेल सांडले, तेव्हा किनारे उष्ण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुण्यात आले. खडक उजळले, परंतु तेथील प्राणी भाजून निघाले. कॉर्नवॉलची चूक रसायनाऐवजी उष्णतेने पुन्हा घडली. याउलट, जे पुळणींच्या पोटात उतरले ते तेल कोणाच्याही हाती लागले नाही. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी ९१ ठिकाणी जवळजवळ ९,००० खड्डे खणले, तेव्हा बारा वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल सापडले. प्राणवायू न पोहोचणाऱ्या थरात सूक्ष्मजंतूंचे कार्य मंदावते. बायोडिझेलने पातळ झालेले तेल अशाच थरात उतरले, तर वरचा किनारा निर्मळ दिसेल आणि खालचा विषारी राहील. शिवाय सूक्ष्मजंतू आधी पचण्यास सोपे असलेले बायोडिझेल खाऊ लागतील, त्यात तेथील उरलासुरला प्राणवायूही संपेल.

२००२ मध्ये 'प्रेस्टिज' बुडाल्यावर गॅलिसियाच्या किनाऱ्यावर जड इंधन तेल थापले गेले, त्यानंतर तेथेही खडकांवर बायोडिझेल लावून पाहण्यात आले. बंदराच्या भिंती, धक्के, उघडे खडक, अर्थात जेथे विद्रावक ओतल्यानंतर सुटलेला प्रत्येक थेंब अडवून उचलता येतो, तेथे त्याची उपयुक्तता मान्य करण्यास हरकत दिसत नाही. वाळूच्या पुळणीवर ओतण्यापूर्वी मात्र तिच्या पोटात काय आहे, ते खणून पाहणे आवश्यक आहे.