लाटणं, रेशनकार्ड आणि काटकसरीचा हिशेब

महागाईचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी आजीची आठवण काढतंच. शिळ्या पोळीचा कुस्करा, सायीचं तूप आणि तूप कढवल्यावर उरलेली बेरी, साबणाचे उरलेले तुकडे नव्या वडीला चिकटवणं, जुन्या लुगड्यांची गोधडी, संपलेल्या वह्यांमधली कोरी पानं शिवून केलेली नवी वही. आमच्याही घरात हे सगळं होतं. या आठवणींमधून एक निष्कर्ष आपोआप निघतो: तेव्हाच्या बायका काटकसरी होत्या म्हणून संसार झाले, आणि आपण उधळे आहोत म्हणून पैसा पुरत नाही. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग मुंबईच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात सापडतो.

सुरुवात गिरणगावापासून करू. 1921-22 मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. मिळकतीतला निम्म्याहून जास्त पैसा अन्नावर जात होता, आणि तरीही अन्न पुरेसं नव्हतं. कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांच्या नियमावलीत ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतकं होतं, पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला मिळणाऱ्या आहारापेक्षा कमी होतं, असं त्या अहवालातच नोंदवलेलं आहे. ज्या घरात कैद्यापेक्षा कमी शिजतं, तिथे काटकसरीचा सल्ला कोणाला द्यायचा आणि काय कमी करायला सांगायचं?

तरीही या लोकांनी खर्च कमी करण्याची एक मोठी युक्ती शोधली होती. ती एकट्याने करायची नव्हती. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेले, बायकामुलं गावी ठेवलेले पुरुष एकेका खोलीत दहा-पंधराजण राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. एका चुलीवर पंधरा माणसांचं शिजलं की सरपण, भांडी, वेळ सगळंच वाचतं. वाचलेल्या पैशांची मनीऑर्डर गावी जायची. मात्र ही बचत त्या बाईच्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या राबण्यावर उभी होती. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर तिला किराणा उधारीवर आणावा लागे आणि त्या उधारीचं व्याज तीच भरे.

दुसऱ्या महायुद्धात धान्य मिळेनासं झालं आणि मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. रेशनकार्ड हा शब्द मराठी घरांत आला तो तेव्हापासून. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणं उठली, पुन्हा आली, आणि 1950च्या दशकात बरीचशी सैल झाली. याच काळात 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकली. चाळीत खोली असलेल्या कुटुंबाला याचा केवढा आधार झाला, हे आज लक्षात येत नाही. आजीचा संसार निभावला तो तिच्या हुशारीने, हे खरंच. पण भाडं वाढत नव्हतं म्हणूनही तो निभावला.

या स्थिर भाड्याच्या आधारावर मध्यमवर्गीय काटकसरीची सगळी रीत उभी राहिली. तिचा कणा म्हणजे बेगमी. सुगीनंतर भाव उतरलेले असताना वर्षाचे गहू-तांदूळ भरायचे. गव्हाला एरंडेल चोळायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला घालायचा, डाळींना उन्हं दाखवायची. एप्रिल-मेमध्ये पापड, कुरडया, सांडगे. पावसाळ्यात भाज्या महागल्या की त्यावर भागवायचं. आरे कॉलनीतून येणारं टोण्ड दूध हीही याच प्रकारची सोय. म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी घालून स्निग्धांश कमी केला की तेच दूध अधिक घरांना, कमी दरात पुरतं. 1959च्या सुमारास देशात प्रेशर कुकर बनू लागले आणि एकावर एक ठेवलेल्या डब्यांत वरण, भात, बटाटे एकाच आचेवर शिजू लागले. ज्यांना कुकर परवडत नसे, त्यांच्याकडे लाकडाच्या भुशाची शेगडी असे. भुसा ठासून भरणं हे एक कसबच होतं. सैल भरला तर मधला भाग ढासळायचा आणि धुराने डोळे चुरचुरायचे.

पण बेगमी करायला हातात एकरकमी पैसा लागतो आणि पोती ठेवायला जागा लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो रोज पावशेर-अर्धा शेर घेतो आणि तेच धान्य वर्षभर चढ्या भावाने खातो. गरिबाला गरिबी महाग पडते ती अशी. भिशीचा उगम या अडचणीत आहे: दहा बायकांनी दरमहा थोडे पैसे काढायचे आणि पाळीपाळीने एकीला एकरकमी द्यायचे. नायगावात 1948 साली गिरणी कामगारांनी सुरू केलेली, पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आलेली सहकारी संस्थाही याच अडचणीवरचं उत्तर होती.

1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा कित्येक मराठी घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटली नाही. लोकांनी ते आनंदाने केलं. 1972चा दुष्काळ मात्र वेगळा होता. रेशनवर लाल मिलो आला. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरत नसे. रॉकेलच्या रांगेत माणसांऐवजी डबे आणि विटा नंबर धरून बसत. पुढच्याच वर्षी तेलाचे आंतरराष्ट्रीय भाव भडकले, आणि 1974-75 मध्ये घाऊक किमतींची वाढ 25 टक्क्यांच्या आसपास गेली. चहात साखर कमी करून, पोळीला तेल न लावून भरून निघेल असा हा खड्डा नव्हता.

1972 मध्येच मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते या समाजवादी, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या कम्युनिस्ट. एरवी एका व्यासपीठावर न येणारे पक्ष तेल, साखर, रॉकेल या प्रश्नांवर एकत्र आले. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. ज्यांना घर सोडून येता येत नव्हतं, त्यांनी ठरलेल्या वेळी घरातच थाळ्या वाजवल्या. व्यापाऱ्यांनी दडवलेला माल बाहेर काढा, रेशनवर पुरेसं द्या, अशी त्यांची मागणी होती. लाटण्याची तेव्हा थट्टाही झाली. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही घरात जेवढं वाचवता येतं तेवढं वाचवलं आहे, आता हिशेब तुम्ही द्या.

जून 1975 मध्ये आणीबाणी आली, मृणालताई आणि अहिल्याताई दोघींनाही तुरुंगवास घडला, आणि ती चळवळ थांबली. पण त्याच वर्षी दोन गोष्टी सुरू झाल्या. बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक चळवळीतून मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक घ्यायचा, आणि वाटपाचं काम आपणच विनामोबदला करायचं. त्यात दुकान नाही, जाहिरात नाही. दुसरीकडे प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पन्नास वर्षं आपल्या उधारीवर गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बाईच्या व्याजाचा प्रश्न प्रथमच कोणीतरी हातात घेतला होता.

आता गिरण्या नाहीत, जुन्या चाळीही थोड्याच उरल्या आहेत. दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात येते आणि बेगमीला घरात जागा नाही. काटकसरीचे सल्ले मात्र तेच आहेत: यादी करून बाजारात जा, उरलेलं वाया घालवू नका, वीज जपून वापरा. ते चुकीचे नाहीत, मीही पाळते. पण माझ्या आजीने वाचवलेल्या प्रत्येक पैशामागे तिचे तास खर्च झाले होते, आणि ते कोणत्याही वहीत लिहिले गेले नाहीत. घरात दोघंही नोकरी करत असतील तर ते तास आता कोण देणार, हे ठरवल्याशिवाय आजीचा दाखला देण्यात अर्थ नाही. आणि घरभाडं, शाळेची फी, दवाखान्याचं बिल हे खर्च शिळ्या पोळीचा कुस्करा करून आटोक्यात येत नाहीत. त्यासाठी शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं. 1972च्या बायकांना हे कळलं होतं, म्हणून त्या लाटणं घेऊन घराबाहेर पडल्या.