डॉक्टरांकडे न्यायच्या चिठ्ठीचा इतिहास



वाण्याकडे जाताना आपण यादी करतो. लग्नघरात तर यादीचीसुद्धा यादी होते. डॉक्टरांकडे मात्र रिपोर्टची पिशवी तेवढी उचलतो आणि जिना उतरताना आठवतं, अगं, ते सांगायचं राहिलंच! वेळ असतो तरी किती? २०१७ साली ६७ देशांतल्या माहितीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रोग्याला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. आपला भारत दोन मिनिटांच्या आसपास.

एवढ्याशा वेळात काय होणार, असं वाटतं ना? पण बोलण्याचं महत्त्व जुन्यांनी ओळखलं होतं. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात रोग्याची परीक्षा तीन प्रकारे सांगितली आहे: पाहून, स्पर्श करून आणि प्रश्न विचारून. १९७५ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ८० नवे रोगी घेऊन हेच तपासलं. त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रोग्याचं ऐकून केलेलं निदान शेवटपर्यंत टिकलं. म्हणजे आपलं बोलणं ही पहिली आणि बिनपैशाची तपासणी.

अडचण अशी की ते पुरतं ऐकलंच जात नाही. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींतलं संभाषण तपासलं. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. सुरुवातीचं सांगणं पुरं करता आलं फक्त १७ भेटींत. शिवाय रोगी जे पहिल्यांदा सांगतो तेच सगळ्यांत महत्त्वाचं असतं असंही नाही, हेही दिसलं.

मग लिहून न्यावं, हे सरळ उत्तर. पण या चिठ्ठीची एके काळी थट्टाच झाली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे प्रख्यात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को तक्रारी लिहून आणणाऱ्याला ‘चिठ्ठीवाला माणूस’ म्हणत आणि त्याचा आजार मनाचा धरत. हा शिक्का बरीच वर्षं टिकला. १९८५ साली बर्नम नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मोठ्या वैद्यकीय मासिकात लिहिलं, की चिठ्ठी हे मानसिक आजाराचं लक्षण नव्हे. माणूस फक्त नीट सांगायला बघतो आहे.

गंमत म्हणजे त्याआधी डॉक्टर स्वतःच यादीकडे वळले होते. १९६८ साली डॉ. लॉरेन्स वीड यांनी सुचवलं, की रोग्याच्या कागदांत आधी त्याच्या सगळ्या तक्रारींची क्रमांकवार यादी हवी आणि पुढची प्रत्येक नोंद त्या त्या क्रमांकाखाली. मी कॉमर्सची, म्हणून मला हे लगेच पटलं. नुसती तारखेवार कीर्द लिहून कुणाकडे किती बाकी ते कळत नाही, खतावणी करावीच लागते.

पण बायकांची अडचण वेळेपुरतीच नाही, लाजेचीही आहे. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात अमेरिकेला शिकायला का जाते ते सांगितलं. पुरुष डॉक्टरांपुढे बायका मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, म्हणून या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्यांचं म्हणणं होतं. स्वतःचं तान्हं बाळ गमावलेली ही मुलगी तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या.

आता स्त्री-डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. लाज मात्र गेली नाही. माझ्या जाऊबाई गुडघ्यासाठी गेल्या होत्या. उठता उठता दाराशी हळूच म्हणाल्या, पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तरी अधूनमधून रक्त दिसतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना परत बसवलं, त्याच आठवड्यात तपासण्या केल्या. वेळेवर कळलं म्हणून बरं झालं. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी दाखवायलाच हवा. जे सांगायला जड जातं, तेच चिठ्ठीत पहिलं लिहा. तोंडातून शब्द निघाला नाही तर कागद पुढे करा.

बाकी चिठ्ठी छोटीच ठेवा. तीन तक्रारी पुरेत: काय होतं, कधीपासून, कशाने वाढतं. चालू गोळ्यांची नावं लिहा, घरगुती काढे आणि आयुर्वेदिक औषधंही. आणि आपल्या खास गोष्टी विसरू नका. चौविहार असेल तर ‘रात्री जेवणानंतर’ची गोळी आपण कधी घ्यायची, हे विचारा. पर्युषणात उपवास करणार असाल, तर मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांचं महिनाभर आधीच विचारून ठेवा, कारण उपवासात साखर एकदम खाली येऊ शकते. पुष्कळ कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. चालत नसेल तर घरी येऊन गुपचूप टाकून देऊ नका. तिथेच सांगा, बऱ्याचदा साधी गोळी मिळते.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत एकदा म्हणून दाखवा. चूक असेल तर तिथेच कळते.

गुरूंपुढे आलोचना करताना आपण काही लपवत नाही. डॉक्टरांपुढे तर आपला काही दोषही नसतो, मग लपवायचं कशाला? पुढच्या भेटीची तारीख असेल तर आजच एक कागद फ्रिजवर लावा आणि आठवेल तसं लिहीत जा.