एका आसनाची सांघिक शर्यत

कार्टला आसन एकच असते. शेजारी कुणाला बसवण्याची सोय नाही, डोक्यावर छप्पर नाही, चाकांना स्प्रिंगा नाहीत. रस्त्यावरचा प्रत्येक हादरा थेट एकाच माणसाच्या बरगड्यांत जातो. अशी गाडी घेऊन सहा, बारा किंवा चोवीस तासांची शर्यत पळतात आणि बक्षीस मात्र संघाला देतात. यात नवल काय, असे कुणी म्हणेल. शर्यत लांबली की माणूस थकतो, तो थकला की दुसरा बसतो, आणि संघ आपोआप तयार होतो. हे उत्तर सोपे आहे, पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतींत संघ थकव्यातून उगवलेला नाही, तो नियमाने लादावा लागला आहे. एकट्याने शेवटपर्यंत रेटायला माणसे तयार होती, बऱ्याचदा ती रेटतही होती, आणि बघणाऱ्यांना त्यातच जास्त रस होता.

पहिला पुरावा मोटारींच्या आधीचा, सायकलींचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत सहा दिवसांच्या सायकल शर्यती लोकप्रिय झाल्या. सहाच दिवस, कारण सातवा रविवार, आणि रविवारी खेळ-तमाशा धर्माला मंजूर नव्हता. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९१पासून या शर्यती भरू लागल्या. एक माणूस, एक सायकल, आणि झोप ज्याची त्याने वाचवायची. १८९७मध्ये चार्ल्स मिलर याने सहा दिवसांत २,०९३ मैल, म्हणजे सुमारे ३,३७० किलोमीटर अंतर कापले. शेवटच्या दिवसांत स्वारांना भास होत, ते तोल जाऊन पडत, आणि तिकीट काढून आलेली गर्दी हेही पाहत असे. अखेर १८९८मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की एका स्वाराने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त सायकल चालवायची नाही. आयोजकांना तर चोवीस तास धंदा हवा होता. त्यांनी १८९९मध्ये दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. बारा तास एकाचे, बारा दुसऱ्याचे. कायदाही पाळला गेला आणि तिकीटखिडकीही उघडी राहिली. त्या वर्षी मिलर आणि फ्रँक वॉलर या जोडीने २,७३३ मैल कापले. सायकलिंगमध्ये आज ज्याला ‘मॅडिसन’ म्हणतात, जो २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दाखल झाला, तो जोडीचा प्रकार असा कायद्याला बगल देण्याच्या खटपटीतून आला. त्यामागे संघभावना वगैरे काही नव्हते.

मोटारींची गोष्ट याहून बोलकी आहे. १९०७च्या जूनमध्ये इंग्लंडमधला ब्रुकलँड्सचा नवाकोरा ट्रॅक सुरू होताना सेल्विन एज याने नेपियर मोटार एकट्याने चोवीस तास चालवून १,५८१ मैलांचा विक्रम केला. (शेजारच्या रहिवाशांची झोप त्या रात्री अशी उडाली की पुढे तिथे रात्री गाड्या पळवणेच बंद झाले. १९२९पासून तिथली ‘डबल ट्वेल्व्ह’ शर्यत बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत उरकावी लागे.) १९२३च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हा प्रत्येक गाडीला दोन चालक होते. मात्र आयोजकांना चालकांची नव्हे, गाड्यांची परीक्षा घ्यायची होती: दिवे रात्रभर टिकतात का, साध्या प्रवासी मोटारीचे यंत्र दमते का. आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांनी शनार-वॉल्कर गाडीने २,२०९ किलोमीटर कापले आणि परीक्षेत गाडी उत्तीर्ण झाली. दोन चालक हा त्या परीक्षेचा सरंजाम होता. म्हणूनच पुढे कित्येकांना तो खुशाल गुंडाळून ठेवता आला. १९४९मध्ये लुइजी किनेत्ती याने फेरारी जवळजवळ सगळा वेळ स्वतःच चालवून शर्यत जिंकली. १९५०चा विजेता लुई रोझिए याने मुलाला जेमतेम दोन फेऱ्या दिल्या. त्याच वर्षी एडी हॉल याने जुनी बेंटली पूर्ण चोवीस तास एकट्याने चालवली आणि आठवा क्रमांक मिळवला. जोडीदाराचे नाव यादीत होते, त्याच्या वाट्याला चाक आलेच नाही.

मग १९५२ उजाडले. पियेर लव्हेग या फ्रेंच चालकाने आपली टॅल्बो गाडी जोडीदाराला द्यायचे नाकारले. तेवीस तास होत आले तेव्हा तो मर्सिडीजच्या कित्येक फेऱ्या पुढे होता. जेमतेम तासाभराची शर्यत उरली असताना इंजिन मोडले आणि हेर्मान लांग व फ्रिट्झ रीस ही जोडी जिंकली. दोष लव्हेगच्या थकलेल्या हाताचा की इंजिनाचा, हा वाद आजही मिटलेला नाही. आयोजकांनी मात्र त्याची वाट पाहिली नाही, त्यांनी एका चालकाच्या तासांवर मर्यादा घातल्या. आजच्या नियमाप्रमाणे ल मान्समध्ये कुणालाही सहा तासांच्या अवधीत चारपेक्षा जास्त आणि एकूण चौदापेक्षा जास्त तास गाडी चालवता येत नाही. १९५२ साली माणसाचे शरीर आजच्यापेक्षा वेगळे नव्हते. ‘शरीरच थकते, म्हणून संघ’ हे म्हणणे इथे लंगडे पडते. थकवा माणसाला विश्रांती मागायला लावेल, पण हातातले चाक दुसऱ्याला द्यायला लावेलच असे नाही.

या परंपरेत कार्ट फार उशिरा आली, आणि तीही एकट्याचे खेळणे म्हणून. १९५६मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने नळ्यांचा सांगाडा जोडून त्यावर गवतकापणी यंत्राचे अडीच अश्वशक्तीचे वेस्ट बेंड इंजिन बसवले. इंगल्स इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता, पण ही गाडी त्याने मौजेखातर बनवली. पॅसाडीनाच्या रोझ बाउलचे रिकामे वाहनतळ हे या खेळाचे पहिले मैदान. वर्षा-दोन वर्षांत कार्टचे कारखाने निघाले, १९६२मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि १९६४मध्ये पहिले विश्वविजेतेपद इटलीच्या ग्विदो साला याने पटकावले. तेव्हापासून कार्ट म्हणजे पोरवयातल्या चालकाची पहिली शाळा, हे समीकरण पक्के झाले. आयर्टन सेन्ना १९७९ आणि १९८० या दोन्ही वर्षी कार्टच्या विश्वस्पर्धेत दुसरा आला, हे त्याचे चाहते अजून हळहळून सांगतात. या शाळेत संघ म्हणजे मेकॅनिक आणि वडील. धावपट्टीवर मुलगा एकटाच.

एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या, कार्टिंगने ही मांडणी उलटी केली. साध्या शर्यतीतली टू-स्ट्रोक इंजिने फार वेगाने फिरतात, त्यांची आयुष्ये छोटी आणि देखभाल महाग. भाड्याच्या ट्रॅकवर मात्र फोर-स्ट्रोक इंजिने वापरली जातात, होंडाच्या जीएक्स मालिकेसारखी, मुळात पंप आणि जनरेटरसाठी बनवलेली. ती कमी ओढतात पण तासन्‌तास मुकाट चालतात. गाडी टिकेल का, हा ल मान्सचा मूळ प्रश्न इथे जवळपास संपतो. मग परीक्षा घ्यायची कुणाची? उरतात ती माणसे. म्हणून नियमावलीचा सगळा रोख त्यांच्याकडे वळतो: एका पाळीची कमाल मर्यादा, प्रत्येकाने चालवायचा किमान वेळ, ठरावीक संख्येचे सक्तीचे पिट थांबे, हलक्या चालकाने बरोबर घ्यायची शिशाची वजने. मिनिटाची फेरी असलेल्या ट्रॅकवर जो चालक दर फेरीला एक सेकंद मागे पडतो, तो तासाभरात अख्खी फेरी गमावतो. संघातला सर्वांत वेगवान गडी ती एका पाळीत क्वचितच भरून काढू शकतो, कारण वेगवान चालक आणि त्याहून वेगवान चालक यांच्यातले अंतर सेकंदाच्या दशांशांत असते. नवख्याला सुधारण्यात एवढा फायदा असतो म्हणून अनुभवी चालक सरावात त्याच्या मागे लागतात, आणि हे शहाणपण नियमाच्या धाकाने येते. खो-खोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली, त्यातही हेच आहे. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही. चपळातल्या चपळ गड्यालाही खो द्यावाच लागतो. ही बंधने काढा, उरेल ती शिवाशिवी.

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की भाड्याच्या कार्ट कधीच सारख्या नसतात, त्यामुळे परीक्षा माणसांची नसून नशिबाची होते. हे खरेच आहे, आणि म्हणून जाणते आयोजक चिठ्ठ्या टाकून कार्ट वाटतात आणि शर्यतीत त्या अदलाबदल करायला लावतात. नशीब त्याने नाहीसे होत नाही, पण सर्वांच्या वाट्याला जरा सारखे येते. दुसरा आक्षेप जड आहे: नियमाने बांधलेला संघ खरा संघ कसा? त्यावर माझे उत्तर लव्हेगकडे बोट दाखवून संपते. त्याला हवे ते स्वातंत्र्य होते, आणि त्या स्वातंत्र्यात त्याच्या जोडीदाराच्या वाट्याला नुसते उभे राहणे आले.

भारतापुरते बोलायचे तर २०१२मध्ये करुण चांढोक ल मान्समध्ये शर्यत पळणारा पहिला भारतीय ठरला; डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डम्ब्रेक यांच्यासह त्याची गाडी सहावी आली. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीच्या कार्ट शर्यती झाल्या आहेत, पण त्या एकेकट्या चालकांच्या. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतले ट्रॅक आता मित्रमंडळींच्या आणि कंपन्यांच्या संघांसाठी तासा-दोन तासांच्या एन्ड्युरन्स शर्यती भरवू लागतील, तर त्यांना एकच विनंती आहे. करंडक लहान ठेवा, वजनकाटा मात्र ठेवा, आणि प्रत्येक चालकाचा किमान वेळ नियमावलीच्या पहिल्या ओळीत लिहा.