पाच रिकामी घरं

पीसी गंडला की आपण काय करतो? रॅम काढून पुसून परत बसवतो, केबल हलवून बघतो, आणि शेवटी विंडोजला शिव्या घालतो. प्रोसेसरवर संशय सहसा कोणी घेत नाही. १९९४ साली गणिताच्या एका प्राध्यापकाने तो घेतला.

थॉमस नाइसली, व्हर्जिनियातलं लिंचबर्ग कॉलेज. जुळ्या मूळ संख्यांच्या (११-१३, १७-१९ वगैरे) व्यस्तांकांची बेरीज करायचं काम त्यांनी काही मशीन्सना लावून दिलं होतं. मार्चमध्ये त्यात एक पेंटियम आला आणि जूनमध्ये आकडे जुळेनात. फरक इतका बारीक, की आपण असतो तर "राउंडिंग असेल" म्हणून सोडून दिलं असतं.

नाइसली सोडणारे नव्हते. प्रोग्रॅमचं लॉजिक, कंपायलर, चिपसेट... एकेक संशयित बाद करता करता ऑक्टोबर उजाडला. ८२४६३३७०२४४१ ही संख्या घ्या. १ ला तिने भागा, परत तिनेच गुणा, उत्तर १ च यायला हवं. पेंटियमवर यायचं ०.९९९९९९९९६ आणि काहीतरी. दुसऱ्या कंपन्यांच्या पेंटियमवरही तेच, ४८६ वर मात्र सगळं ठीक. आणि पेंटियमचं फ्लोटिंग पॉइंट युनिट बंद केलं की चूक गायब! या टेस्टला माझा सलाम. तेच मशीन, फक्त एक भाग बाजूला.

भानगड अशी होती: भागाकार झटपट व्हावा म्हणून चिपमध्ये एक तक्ता होता, आपल्या पाढ्यांसारखा. त्यातली १०६६ घरं भरलेली हवी होती, ५ रिकामी राहिली. (२०२४ मध्ये केन शिरिफ यांनी मायक्रोस्कोपखाली मोजली तर १६ निघाली, पण बाकीच्या ११ घरांपर्यंत भागाकार कधी पोचतच नाही.)

खरी चीड येते ती पुढे. इंटेलला हे त्याच उन्हाळ्यात कळलेलं होतं, पण गप्प! नाइसलींच्या ईमेलमुळे बोंब झाली तेव्हा उत्तर काय, तर साध्या स्प्रेडशीटवाल्याला ही चूक २७००० वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमचा हिशोब वेगळा: २४ दिवसांतून एकदा. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमवाले पीसी पाठवणं थांबवलं, आणि २० तारखेला इंटेल वळणावर आली. मागेल त्याला चिप बदलून, कारण न विचारता.

खर्च ४७.५ कोटी डॉलर्स. परत आलेल्या काही चिप्सच्या इंटेलने आपल्याच लोकांसाठी कीचेन बनवल्या.