पिंपरी-चिंचवड आणि लष्कर : सुधारणांच्या काळातील बदलते नाते

राज्यव्यवस्थेत सुधारणा सुरू झाल्या की लष्कराचे समाजातील स्थानही बदलते, परंतु हा बदल उत्पादनाच्या आणि जमिनीच्या बाबतीत सारख्या गतीने होत नाही, हे पिंपरी-चिंचवड परिसराच्या इतिहासातून स्पष्ट दिसते. शेजारच्या खडकीत १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना निघाला आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला दारूगोळ्याचे कोठार उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रनिर्मिती सरकारकडेच राखून ठेवली. त्यामुळे भोसरी-आकुर्डीतील खासगी कारखाने वाहने व यंत्रे घडवू लागले, तरी शस्त्रांच्या उत्पादनापासून ते दूरच राहिले.

सुधारणांमुळे लष्करी उत्पादन कसे बदलते, हे परदेशातही दिसले. सोव्हिएत संघात तेथील नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी डिसेंबर १९८८ मध्ये पाच लाख सैनिकांची कपात जाहीर केली आणि शस्त्रकारखान्यांना नागरी उत्पादनाकडे वळवण्याचा प्रयत्न केला. १९९१ मध्ये तो देशच विघटित झाला, तेव्हा सोव्हिएत बनावटीच्या सामग्रीवर विसंबलेल्या भारतीय सैन्याला सुट्या भागांची टंचाई जाणवली आणि स्वदेशी उत्पादनाची निकड वाढली. भारतात मात्र प्रवाह उलट दिशेने वाहिला, कारण २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्राला खुले झाले आणि नागरी उद्योगच लष्करी कामाकडे वळले. उदाहरणार्थ, दिघीतील संशोधन व विकास आस्थापनेने लार्सन अँड टुब्रो या खासगी कंपनीच्या साहाय्याने विकसित केलेला, साडेनऊ मीटरपर्यंतचा ओढा वा खंदक एकाच गाळ्यात ओलांडणारा आणि चार मीटर रुंद रस्ता देणारा पूल जुलै २०२१ मध्ये सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशातील ४१ आयुधनिर्माणी कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खडकी व देहूरोडचे कारखाने त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले, तर कामगार संघटनांच्या विरोधाला आळा घालण्यासाठी संपबंदीचा कायदा करण्यात आला.

जमिनीची हद्द मात्र जागची हलली नाही. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्यानुसार दारूगोळा कोठाराभोवती बांधकामास मनाई असलेला पट्टा आखला जातो. ‘रेड झोन’ म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा देहूरोडच्या कोठारापासून दोन हजार यार्डांचा, म्हणजे सुमारे १,८२९ मीटरचा असून, त्यात तळवडे, रुपीनगर, यमुनानगर, चिखली अशा वस्त्यांचे भाग येतात. स्फोटाचा धोका खरा असल्याने निर्बंधांमागचे कारण रास्त आहे, परंतु पोटासाठी या नगरीत आलेल्या कामगाराने आयुष्याच्या बचतीतून बांधलेले घर त्यामुळे कायमचे अनधिकृत ठरावे, हे न्याय्य नाही. लष्कराने उद्योगाला भागीदार मानले, तसेच या रहिवाशांनाही मानले, तरच सुधारणांचे हे पर्व पूर्णत्वास जाईल.